हातावर तुरी

आफ्रिकेतल्या खेड्यात पहिल्यांदा जाऊन आलेल्या माणसाचं प्रवासवर्णन आता न वाचताही सांगता येतं. आधी विमान, मग जीप, मग धूळ. गोल झोपड्या, भोवती जमलेली पोरं, एक बिनदाताची हसरी म्हातारी, नाव न कळलेला पदार्थ आणि शेवटच्या परिच्छेदात ‘यांच्याकडे काहीच नाही, तरी किती आनंदी!’ हे ठरलेलं वाक्य. दिवाळी अंकांत असा एक तरी लेख निघतोच. मसाई मारा करून आलेला कुठलाही निवृत्त कार्यकारी अभियंता तो लिहू शकतो आणि लिहितोच. उलट्या दिशेचा लेख मात्र माझ्या पाहण्यात नाही. तिकडच्या खेड्यातला एखादा तरणा पोरगा आपल्या खेड्यात आला आणि लिहायला बसला, तर आपल्याला तो कुठे बसवेल? बहुधा धूळ आणि म्हातारी यांच्या मधे कुठेतरी.

माझ्या रूम पार्टनरला लिहिण्याचा कंटाळा आहे, म्हणून त्याच्या वतीने मी लिहितो. हा टांझानियाचा, बाबाटी नावाच्या गावाजवळचा. पुण्यात कॉम्प्युटर शिकतो. मी बुलढाणा जिल्ह्यातला, जळगाव जामोद तालुक्यातला. त्याला पुण्यात खोली मिळत नव्हती, कारण तो आफ्रिकेतला. मला मिळत नव्हती, कारण मी बॅचलर. दोन नकारांची बेरीज होऊन एक खोली मिळाली. आमच्या गावाशेजारच्या भेंडवळला अक्षय्यतृतीयेच्या रात्री घट मांडून पुऱ्या-पापडांवरून वर्षाचा पाऊस ओळखतात, असं मी एकदा बोलून गेलो. तो म्हणाला, “हे मला बघायचंय.” एप्रिलच्या अखेरीला विदर्भात कुणी हौसेने जात नाही, हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, “मी विषुववृत्ताजवळचा आहे.” विषुववृत्ताला आपल्या उन्हाबद्दल फार गैरसमज आहेत.

महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये समोर मलकापूरला उतरणारे एक काका होते. त्यांनी पाहुण्याकडे मनमाडपर्यंत नुसतं पाहिलं. मनमाडनंतर त्यांना राहवेना. “यांच्याकडे सिंह रस्त्यावर फिरतात ना?” त्यांनी मला विचारलं. मी प्रश्न पोचवला. पाहुणा म्हणाला, “टारांगिरे नॅशनल पार्क आमच्या घरापासून लांब नाही, पण मी सिंह पाहिलेला नाही. तिकीट काढून सिंह पाहायला तुमच्यासारखे लोक येतात. यांनी वाघ पाहिलाय का?” काकांनी वाघ पाहिलेला नव्हता, पण जिल्ह्याची बाजू पडू देतील तर ते काका कसले! २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरणा वाघ जंगलं, शेतं, रस्ते तुडवत सुमारे तीन हजार किलोमीटर चालला आणि आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन टेकला, ही हकिकत त्यांनी अशी सांगितली की वाटेत त्या वाघाने चहा काकांकडेच घेतला असावा. “गळ्यात पट्टा होता त्याच्या. सॅटेलाइटचा. बायको शोधत होता बिचारा.” पाहुण्याने विचारलं, “मिळाली?” काका म्हणाले, “बुलढाण्यात? अहो, इथं शेती करणाऱ्या पोरांना मिळत नाही, वाघाला कुठून मिळणार!”

शेगावला उतरलो. श्रींचं दर्शन झालं, कचोरी झाली. पुढे काळीपिवळी. ज्यांनी ही जीप पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो : ती भरली की सुटते आणि ती कधीच भरत नाही. मधल्या सीटवर चार, मागे आठ, ड्रायव्हरच्या उजव्या बाजूला, म्हणजे जवळजवळ हवेत, एक. पाहुणा सहा फूट दोन इंच. त्याला दुमडून आत बसवताना मला वाटलं, आता बिचाऱ्याला संस्कृतीचा धक्का बसणार. पण त्याने सराईतपणे गुडघे तिरके केले, शेजारणीचं पोर मांडीवर घेतलं आणि ड्रायव्हरला खुणेने सांगितलं की मागे अजून एक बसेल. ड्रायव्हरने त्या क्षणी त्याला आपला मानला. त्यांच्याकडेही अशाच गाड्या आहेत म्हणे, फक्त रंग वेगळा.

पूर्णेच्या दोन्ही काठांना खारपाणपट्टा आहे. इथे विहिरीला पाणी लागलं तरी माणूस पेढे वाटत नाही. आधी चव घेऊन बघतो. पाहुण्याने फाट्यावर हापशाचं पाणी ओंजळीत घेतलं, तोंडात धरलं, आणि गिळावं की थुंकावं या विचारात तो इतका वेळ उभा राहिला की शेजारची बाई म्हणाली, “गिय बापा, आमी रोजच पेतो.”

घरी पोचलो तेव्हा आजी ओट्यावर बसून कुरडया निवडत होती. तिने पाहुण्याकडे खालून वर, मग आणखी वर पाहिलं आणि मला विचारलं, “जेवला का हा?” एवढीच चौकशी. आफ्रिका कुठे आहे, हा तिथे काय करतो, इथे का आला, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. पोट आहे आणि ते रिकामं असू शकतं, एवढी ओळख तिला पुरे होती.

पोरांना पुरे नव्हती. दहा मिनिटांत अंगण भरलं. आयपीएलचे दिवस. वेस्ट इंडीजचा खेळाडू अमक्याच्या घरी उतरलाय, अशी बातमी खालच्या आळीपर्यंत गेली. वेस्ट इंडीज आणि टांझानिया यांच्या मधे अख्खा अटलांटिक आणि अख्खी आफ्रिका आडवी येते, हे मी सांगून पाहिलं. पोरं म्हणाली, “पन खेळते तं सही.” त्याच्या हातात बॅट दिली. तो फुटबॉलवाला. पहिल्याच चेंडूवर त्रिफळा. गोलंदाज पाचवीतला होता. त्याने त्या आनंदात शाळा सोडण्याचा निर्णय घेतला आणि रात्री बापाचा मार खाल्ला.

खरी परीक्षा संध्याकाळी पारावर. गावात येणाऱ्याची कागदपत्रं तपासण्याचं काम आमच्याकडे पार करतो. नाव काय, वावर किती, ओलीत की कोरडवाहू, बहिणी किती, त्यांची लग्नं झाली का. पाहुणा उत्तरं देत होता, मी दुभाष्या. बहिणीच्या लग्नात मुलीच्या बापाला गाई मिळतात, हे ऐकून तीन पोरींचे बाप असलेले एक गृहस्थ जागा बदलून जवळ येऊन बसले. मग तो प्रश्न आला जो येणारच होता.

“मंग कोन लोक म्हनायचे हे?”

“ख्रिश्चन,” मी म्हणालो.

“थे समजलं. पन कोन?”

मी विषय बदलायला पाहत होतो, तेवढ्यात पाहुण्याला प्रश्नाचा रोख कळला. त्याने शांतपणे सांगितलं की त्यांच्या देशात एकशेवीसच्या वर जमाती आहेत. मी भाषांतर केलं. पार गप्प झाला. आबाजींनी तंबाखू मळायची थांबवली. “एकशेवीस?” त्यांच्या आवाजात आदर होता. “मंग सोयरिकी कशा जुयत असतीन?”

आबाजी म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. त्यांचं आणि पाहुण्याचं जमलं ते घड्याळावरून. पूर्व आफ्रिकेत स्वाहिली बोलणारे लोक दिवस उगवल्यापासून तास मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. आपले पहाटेचे पाच म्हणजे त्यांचे रात्रीचे अकरा. घटमांडणीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं, त्यावरून हे निघालं. मला ते अजून बोटांवर मोजावं लागतं. आबाजींना लगेच पटलं. “बरोबर हाय त्याइचं. दिवस उगवाच्या आंधी घड्याय कायले चालू करा लागते?”

रात्री अंगणात बाजेवर झोपलो. बाज साडेपाच फूट, पाहुणा सहा फूट दोन इंच. उरलेल्या भागाखाली आजीने गव्हाचं पोतं लावून दिलं. त्या पोत्यावर रात्री मांजर येऊन झोपलं आणि सकाळी पाहुणा म्हणाला की पायाला इतकी ऊब त्याला घरीसुद्धा मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अखजी, म्हणजे अक्षय्यतृतीया. पितरांची घागर पुजली. जेवायला पुरणपोळी, आमरस, भजे, कुरडई, सांडई आणि चिंचवणी. आजी म्हणाली, “त्याले चिंचोनी नको देऊ, बाधन.” पाहुण्याने वाटी उचलली, एका दमात संपवली, पुन्हा पुढे केली. चिंचेचं सरबत तिकडे गल्लोगल्ली मिळतं. चिंचेचं झाड मुळात आफ्रिकेतलंच. आपण तिला एवढी आपली मानली की पोरीबाळींच्या खेळापासून भुतांच्या वसाहतीपर्यंत सगळं तिच्यावर चढवलं. ज्वारीचंही तेच. हजारो वर्षांपूर्वी ती तिकडून इकडे आली आणि वऱ्हाडात येऊन अशी रुजली की भाकरीचा शोध आम्हीच लावला असं आम्हाला वाटतं. पाहुण्याने जेवणानंतर चूल मागून घेतली, ज्वारीचं पीठ उकळत्या पाण्यात टाकून घोटघोट घोटलं आणि ‘उगाली’ म्हणून ताटलीत पालथं घातलं. आजीने बोटाने दाबून पाहिलं. “हा तं घाटाच होय. पानी कमी झालं पोराचं.”

दुपारी सत्कार झाला. गावात कुणी आलं आणि शाल-श्रीफळ न घेता गेलं असं होत नाही. आमच्याकडे वीजबिल घेऊन आलेल्या माणसाचाही एकदा चुकून सत्कार झालेला आहे. निवृत्त गुरुजींनी प्रास्ताविक केलं. ते मलिक अंबरपासून निघाले. हबश देशातला, म्हणजे आजच्या इथिओपियातला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ताकरविता झाला. त्याने १६१० साली खडकी वसवली, तेच पुढे औरंगाबाद. त्याने जमिनी मोजून सारा बसवला. आपल्या सिंदखेडचे लखुजी जाधव त्याच निजामशाहीतले सरदार. इथवर गुरुजी बिनचूक होते. मग ते म्हणाले, “त्यानंतर चारशे वर्षांनी आज तोच योग आपल्या गावात आला आहे.” पाहुणा माझ्या कानात म्हणाला, “इथिओपिया वेगळा देश आहे. मधे अख्खा केनिया आहे.” मी म्हणालो, “शाल मिळेपर्यंत थांब.”

त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. त्याचं मराठी पुण्यातल्या मेसमध्ये आणि रिक्षात तयार झालेलं. तो माइकसमोर उभा राहिला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “नमस्कार. जेवण झालं का? भाजी छान आहे. मीटरने चला. सुट्टे नाहीत.” टाळ्या थांबेनात. सत्काराला उत्तर देताना इतकं नेमकं आणि इतकं थोडक्यात बोललेला माणूस गावाने प्रथमच ऐकला होता.

सूर्य कलला तसे भेंडवळला गेलो. गावाबाहेरच्या वावरात ही गर्दी. खान्देशातले, मराठवाड्यातले, सातपुड्यापलीकडचे मध्य प्रदेशातले शेतकरी आणि त्यांच्यावर रोखलेले चॅनेलवाल्यांचे कॅमेरे. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केलेली ही मांडणी तीनशेहून अधिक वर्षं चालत आल्याचं सांगतात. आजही ती वाघ घराण्याकडेच आहे. जमिनीवर गोल आखून कडेने अठरा धान्यं मांडतात : ज्वारी, गहू, तूर, मूग, उडीद, तीळ, हरभरा, जवस, करडी, सरकी, अंबाडी, भादली, मसूर वगैरे. मधे खड्डा. खड्ड्यात मातीची चार ढेकळं, जून ते सप्टेंबर या पावसाच्या चार महिन्यांची. त्यांवर पाण्याने भरलेली घागर. घागरीवर पुरी, पापड, भजं, वडा, सांडई, कुरडई, करंजी. जोडीला मानाची पानसुपारी. पुरी म्हणजे पृथ्वी, करंजी म्हणजे तिजोरी, पानसुपारी म्हणजे राजा. रात्रभर तिकडे कुणी फिरकायचं नाही. पहाटे येऊन पाहायचं : कोणतं ढेकूळ किती भिजलं, कोणतं धान्य जागचं हललं, राजाची सुपारी जागेवर आहे की नाही. लोकसभेची आचारसंहिता होती त्या २०२४ साली राजाबद्दल काही सांगितलं गेलं नाही. सुपारीनेही निवडणूक आयोगाला एवढं मानलं.

अंधश्रद्धा निर्मूलनवाले यावर आक्षेप घेतात आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. फक्त आबाजींसमोर ते मांडायची सोय नाही. हवामान खातं सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे सर्वसाधारण असं सांगतं, हे मी त्यांना एकदा समजावलं होतं. ते म्हणाले, “सरासरीनं वावर पेरता येते का? सरासरी पाऊस समदा एकाच दिवशी पडला मागच्या साली.”

पाहुणा मांडणीकडे वाकून वाकून पाहत होता. कॉम्प्युटरवाला माणूस, पहिली शंका डेटाची. “रात्री उंदीर येत असतील ना?”

मी भीत भीत विचारलं. आबाजी जराही रागावले नाहीत. “येते ना. पन कोन्त्या धान्याकडे जाते, थे पाहा लागते.”

यावर पाहुण्यापाशी उत्तर नव्हतं. माझ्यापाशीही नाही. मग तो म्हणाला की त्यांच्या शेजारच्या सिंगिडा भागात पाऊस आणणारी घराणी आहेत, फक्त तिथे मेंढ्याचा बळी लागतो. आबाजींनी घागरीकडे पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, “आमचं पापडावर भागते.”

एवढ्यात त्याने गोलातल्या एका धान्याकडे बोट केलं. “हे आमच्याकडे बाबा लावतात.” ती तूर होती.

पहाटे भाकीत ऐकायला पुन्हा गेलो. गर्दीत आमच्यापर्यंत आवाज पोचेना. पुढून मागे माणसांच्या तोंडूनच बातमी सरकत होती. पहिल्याने सांगितलं तूर बरी, दुसऱ्याने सांगितलं तूर बरी पण भाव नाही, तिसऱ्याने सांगितलं भाव आहे पण तूर नाही. तिघेही खात्रीने बोलत होते. पण आबाजींचं तिकडे लक्षच नव्हतं. रात्रभर त्यांच्या डोक्यात एकच किडा.

“तुह्याकडली तूर जाते कोठी?” परतीच्या वाटेवर त्यांनी विचारलं.

“इंडिया,” पाहुणा म्हणाला. “सगळी. आमच्या घरी कुणी फारशी खात नाही.”

आबाजी वाटेतच उभे राहिले. आयुष्यभर ज्याचा नुसता संशय होता तो माणूस आज समोर सापडला होता. टीव्हीवर ‘आयात तूर’ असा शब्द येतो, बंदराचं चित्र येतं, मंत्री येतात. पण ती तूर पेरणारा माणूस कधी दिसत नाही. तो हा, सहा फूट दोन इंच, आणि रात्री आपल्याच गव्हाच्या पोत्यावर पाय टाकून झोपलेला.

“म्हंजे आमचा भाव तुमी पाडता!”

पाराची दुसरी बैठक घरीच भरली. मी दुभाष्या होतो, पण लवकरच माझी गरज संपत आली, कारण क्विंटल, किलो आणि शिव्या हाताने दाखवता येतात. हिशेब निघाला तो असा. २०१५च्या सुमारास आपल्याकडे तूरडाळ दोनशे रुपये किलोवर गेली. सरकार धावलं, २०१६ साली मोझांबिकशी डाळीचा करार झाला, टांझानियातल्या शेतकऱ्यांनाही हुरूप आला, पाहुण्याच्या बापाने मक्याची जागा कमी करून तूर लावली. आबाजींनीही कपाशीची जागा कमी करून तूरच लावली. पाऊस दोघांनाही बरा झाला. आबाजी ५,०५० रुपये हमीभावाच्या आशेने खरेदी केंद्राच्या रांगेत ट्रॅक्टरखाली झोपले. तिथे बारदाना नव्हता. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली. तिकडे बाबाटीत व्यापारी यायचे थांबले आणि पाहुण्याच्या बापाची पोती घरातच राहिली. म्हणजे एकाच वर्षी दोघांनीही तुरीची पोती घरात ठेवून त्यांच्यावर टेकून आभाळाकडे पाहिलं. २०२१ला आयात पुन्हा खुली झाली आणि दोघांनी पुन्हा पेरलं. ‘बाजारात तुरी’ या म्हणीतल्या भटाला निदान बाजार कुठला ते माहीत होतं.

गंमत अशी की तूर मूळची आपली. हिंदुस्थानातून ती आफ्रिकेत गेली आणि ज्वारी तिकडून इकडे आली. देवघेव चोख होती. भाव मधल्याने ठरवला.

“इचार त्याले, व्यापारी मापात मारते का?”

मारतो.

“वलसर म्हनून कट्टी कापते?”

कापतो.

“आन फोन उचलत नाई?”

पाहुण्याने हात जोडले. आबाजींनी आपल्या मांडीवर जोरात थाप मारली. दोन देशांचे संबंध इतके घट्ट झालेले मी पूर्वी पाहिले नव्हते.

“बापाले फोन लाव त्याच्या.”

आपले साडेनऊ, तिकडचे सात, म्हणजे त्यांचा एक. व्हिडिओ कॉल लागला. पडद्यावर एक म्हातारा, डोक्यावर टोपी, मागे मोकळं अंगण आणि भिंतीला टेकवलेल्या तुराट्यांचा भारा. आमच्या मागेही तुराट्यांचा कूड होता. दोघांनी आधी एकमेकांच्या तुराट्या पाहिल्या आणि मग तोंडं. आबाजींनी टोपी सरळ केली. पलीकडेही टोपी सरळ झाली.

“इचार, एकरी किती झाली?”

मी इंग्रजीत, पाहुणा स्वाहिलीत, बापाचं उत्तर तिकडून इकडे. बरीच कमी झाली. पाऊस उशिरा आला. किडीने खाल्ली. यंदा काही खरं नाही.

“सांग त्याले, आमचंई तसंच हाय. कायच उरलं नाई.” आबाजींच्या मागे कोठीच्या दारातून भरलेली पोती दिसत होती. त्यांनी मोबाइल जरा डावीकडे वळवला. तेवढ्यात पलीकडच्या म्हाताऱ्यानेही मोबाइल जरा डावीकडे वळवला.

नमस्कार झाले, तब्येती झाल्या, पोराला नीट जेवायला घाला असं तिकडून सांगणं झालं, फोन बंद झाला. आबाजींनी चष्मा काढून पुसला.

“खोटं बोलते बुढा. चार क्विंटलच्या खाली नसन झाली.”

पाहुण्याचा फोन पुन्हा वाजला. बापाचाच. दोन वाक्यं ऐकून त्याने ठेवला आणि हसू लागला.

“काय म्हने?” आबाजींनी विचारलं.

“म्हणाले, त्या म्हाताऱ्याला विचार, मागे ती पोती कसली आहेत.”